राजवाड्याचे दार आणि बालीगंजचे घर

कलकत्त्याच्या दक्षिणेकडील बालीगंज भागात गुरुसदय दत्त यांच्या नावाचा एक रस्ता आहे. जुन्या काळी तो बालीगंज स्टोअर रोड म्हणून ओळखला जाई. या रस्त्यावर प्रशस्त आवारात वसाहतकालीन धाटणीची एक मोठी इमारत उभी आहे. शाळांच्या दिवसांत तिच्या फाटकापाशी बसगाड्या थांबतात, गणवेशातील मुले रांगेने आत शिरतात, यंत्रांच्या प्रतिकृतींभोवती घोळका करतात आणि जमिनीखाली उभारलेल्या कोळशाच्या खाणीत उतरण्यासाठी आपली पाळी येण्याची वाट पाहतात. बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय हे या वास्तूचे आजचे नाव होय. शासनाच्या पुढाकाराने भारतात उभ्या राहिलेल्या विज्ञान संग्रहालयांत ते अग्रणी मानले जाते. २ मे १९५९ रोजी ते लोकांसाठी खुले झाले.

या जागेचा पूर्वेतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. १८९८ साली ही मिळकत ज्ञानदानंदिनी देवी यांनी विकत घेतली. त्या देवेंद्रनाथ ठाकुरांच्या स्नुषा, रवींद्रनाथांच्या वहिनी आणि सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. त्यांच्या सेवेचा सारा काळ मुंबई इलाख्यात गेला आणि १८९७ मध्ये ते साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश असताना निवृत्त झाले. साताऱ्याहून परतलेल्या या कुटुंबाने बालीगंजात आपले बिऱ्हाड थाटले. आज ज्या आवारात कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो, ते एके काळी या दांपत्याचे खासगी आवार होते.

याच शहरात, बालीगंजपासून काही मैल उत्तरेला, मैदानाच्या कडेला आणखी एक वास्तू आहे. ती कधीच कोणाच्या खासगी मालकीची नव्हती. सार्वजनिक महसुलातून ती उभी राहिली, सार्वजनिक महसुलावरच तिचा संसार चालला, आणि तरीही तिचे दार सामान्य माणसासाठी क्वचितच उघडले. ब्रिटिश अमदानीतील गव्हर्न्मेंट हाऊस आणि स्वातंत्र्योत्तर काळातील राजभवन ती हीच. बालीगंजशी तिचा संबंध पूर्वापार होता. गव्हर्नर जनरलच्या शरीररक्षक घोडदळाच्या बराकी बालीगंजात होत्या. या दोन दारांची कथा एकत्र वाचली, तर सार्वजनिक वास्तू म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा एक वेगळाच उलगडा होतो.

गव्हर्न्मेंट हाऊसचे बांधकाम १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्लीच्या आज्ञेने सुरू झाले आणि १८०३ मध्ये पुरे झाले. आराखडा बंगाल इंजिनिअर्समधील कॅप्टन चार्ल्स वायट याचा. नमुना इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या केडलस्टन हॉल या सरदारवाड्याचा. मधला भव्य गाभा आणि वक्र सज्ज्यांनी त्याला जोडलेले बाजूचे भाग अशी ही रचना आहे. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चहूबाजूंनी वारा खेळावा, हाही तिच्यामागचा एक उद्देश होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना विचारल्यावाचून केलेला हा अफाट खर्च लंडनमध्ये कोणालाच रुचला नाही. वेलस्लीवरील रोषाच्या कारणांत या वाड्याचीही गणना होते. परंतु हिंदुस्थानावर राज्य करावयाचे ते व्यापाऱ्याच्या गादीवरून नव्हे, तर राजवाड्यातून, ही त्याची आणि त्याच्या समर्थकांची धारणा होती. पाहणाऱ्याच्या मनावर दरारा बसविणे हेच या वास्तूचे पहिले काम होते. दरारा दुरून बसतो. त्यासाठी पाहणाऱ्याला आत घेण्याचे कारण नसते.

मराठ्यांच्या इतिहासाशीही या वाड्याचा जन्मकाळ विलक्षण रीतीने गुंतलेला आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी संरक्षणासाठी एक खंदक खणावयास घेतला. मराठा खंदक या नावानेच तो प्रसिद्ध झाला. तो कधी पुरा झाला नाही, आणि मराठे कलकत्त्यापर्यंत आलेही नाहीत. ज्या १७९९ साली गव्हर्न्मेंट हाऊसचे काम सुरू झाले, त्याच साली या खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. पुढे वाडा पुरा झाला त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, वेलस्लीच्या धाकट्या भावाने असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. ज्यांच्या भीतीने शहराने खंदक खणला, त्यांची भीती सरली आणि शहराच्या मध्यभागी राजवाडा उभा राहिला. सत्तेचा लोलक कोणत्या बाजूला झुकला, हे सांगावयास या दोन बांधकामांखेरीज निराळ्या पुराव्याची गरज नाही.

या वाड्याचे दार निवडक निमंत्रितांसाठी उघडे. दरबार, मेजवान्या, नृत्यसमारंभ यांच्या याद्या काटेकोर असत आणि यादीत नाव असणे हीच प्रतिष्ठेची खूण मानली जाई. १८६६ च्या अखेरीस, लॉर्ड लॉरेन्स व्हाइसरॉय असताना, अशाच एका समारंभाला ज्ञानदानंदिनी देवी उपस्थित राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. कुलीन बंगाली घराण्यातील स्त्रीने लाटसाहेबाच्या वाड्यात परपुरुषांच्या समुदायात वावरावे, ही तोवर न घडलेली गोष्ट होती. अनेकांचा तर त्या भोपाळच्या बेगम असाव्यात असा समज झाल्याचे सांगतात. ठाकूर घराण्याच्याच पाथुरियाघाटा शाखेतील प्रसन्नकुमार ठाकूर तेथे हजर होते. आपल्या कुळातील सून चारचौघांत आलेली पाहून ते लज्जेने आणि संतापाने समारंभ सोडून निघून गेले.

या प्रसंगाला दोन वर्षांपूर्वीची पार्श्वभूमी आहे. १८६४ मध्ये सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात रुजू होण्यासाठी निघाले आणि त्यांनी पत्नीला बरोबर नेण्याचे ठरविले. जोडासाँकोच्या वाड्यातून तिने पतीबरोबर गाडीत बसून बंदरावर जावे, अशी त्यांची इच्छा होती. वडीलधाऱ्यांना ते मानवले नाही. अखेर बंद पालखीतूनच ज्ञानदानंदिनी बोटीपर्यंत गेल्या. मुंबईत हे दांपत्य प्रथम माणेकजी कर्सेटजी या पुढारलेल्या पारशी गृहस्थांच्या कुटुंबात राहिले. घराबाहेर कसे वावरावे, पाहुण्यांशी कसे बोलावे, बाहेर जाताना कसा पोशाख करावा, हे ज्ञानदानंदिनी तेथे शिकल्या. पारशी स्त्रियांच्या पद्धतीत थोडे फेरफार करून, पोलके व परकर यांच्यासह साडी नेसण्याची जी रीत त्यांनी बंगालमध्ये नेली, ती प्रथम ब्राह्मो समाजातील स्त्रियांत आणि पुढे साऱ्या बंगालभर रुजली. पालखीत कोंडून मुंबईला गेलेली मुलगी दोन वर्षांनी राजवाड्याच्या दारातून ताठ मानेने आत गेली, यात मुंबईचा वाटा मोठा होता.

सत्येंद्रनाथांवरही या भूमीचा ठसा उमटला. प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा स्नेह जडला. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या मुंबईतील घरी १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ इंग्रजीचा सराव करण्यासाठी राहिले, ते याच स्नेहामुळे. सत्येंद्रनाथांनी ‘बोम्बाई चित्र’ या ग्रंथात मुंबई इलाख्याचे लोकजीवन बंगाली वाचकांपुढे मांडले आणि तुकारामांच्या अभंगांचे बंगालीत अनुवाद केले. त्यांचे पुत्र सुरेंद्रनाथ १८७२ मध्ये पुण्यात जन्मले. साताऱ्याच्या न्यायासनावरून उतरून सत्येंद्रनाथ बालीगंजात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर तुकोबांची वाणीही तेथे आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. स्टोअर रोडवरील घर पाहता पाहता गजबजले. १९०२ मध्ये जपानी विद्वान ओकाकुरा काकुझो कलकत्त्यात असताना सुरेंद्रनाथांशी त्यांची मैत्री जडली. सुरेंद्रनाथांचा क्रांतिकारकांच्या अनुशीलन समितीशीही संबंध होता. राजवाड्याच्या यादीत ज्यांची नावे कधीच आली नसती, अशा कित्येकांना या घराचे दार मोकळे होते. तथापि ते घर खासगीच होते. आत येणारा यजमानाचा पाहुणा असे.

राजवाड्याच्या दाराचा खरा कसोटीचा दिवस १५ ऑगस्ट १९४७ हा होय. मध्यंतरी बरेच काही बदलले होते. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलविल्याची घोषणा झाली आणि गव्हर्न्मेंट हाऊस व्हाइसरॉयऐवजी बंगालच्या गव्हर्नरचे निवासस्थान बनले. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर सर फ्रेडरिक बरोज हे रेल्वे कामगारांच्या चळवळीतून वर आलेले गृहस्थ होते. त्यांच्या कारकीर्दीत, १६ ऑगस्ट १९४६ पासून, कलकत्त्याने हिंदू-मुसलमानांच्या हत्याकांडाचे भयानक दिवस पाहिले. त्या घटनेला वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी स्वातंत्र्य आले. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पश्चिम बंगालचे पहिले राज्यपाल म्हणून शपथ घेतली.

त्या दिवशी शहराच्या कानाकोपऱ्यातून लोक रस्त्यावर आले. वर्षभर ज्या मोहल्ल्यांत पाऊल टाकण्याची छाती झाली नव्हती, तेथे हिंदू आणि मुसलमान एकमेकांना भेटू लागले, एकाच मालमोटारीवर उभे राहून घोषणा देऊ लागले. यांतलाच एक लोंढा गव्हर्न्मेंट हाऊसच्या फाटकांतून आत शिरला. पहारेकऱ्यांना तो थोपविता आला नाही. हजारो माणसे दालनादालनांतून फिरली. दिवाणखान्यातील आसनांवर ती बसून आली, लाटसाहेबाच्या पलंगावर काहींनी उड्या मारल्या, आरशांत स्वतःला न्याहाळले, दीडशे वर्षे दुरून पाहिलेल्या झुंबरांखाली उभे राहून ‘जय हिंद’चा गजर केला. काहींनी आठवण म्हणून हाती लागेल ती वस्तू उचलून नेली. मावळते गव्हर्नर आणि त्यांच्या पत्नी यांना बाजूच्या दाराने निघून जावे लागले आणि नवे राज्यपाल आपल्याच घरात जवळजवळ कैद झाले.

या घटनेकडे दोन्ही टोकांच्या दृष्टींनी पाहिले गेले आहे. कोणी तिला विजयी जनतेचा सहजोद्गार म्हणतात, कोणी झुंडीचा धुडगूस. या दोन्ही वर्णनांत तथ्यांश आहे. म्हणूनच कोणतेही एक पुरेसे ठरत नाही. त्या संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेलियाघाट्यातील प्रार्थनासभेत, महात्मा गांधींनी या प्रसंगाचा जो उल्लेख केला, तो यापेक्षा अधिक खोल जाणारा आहे.

गांधीजी १३ ऑगस्टपासून बेलियाघाट्यातील हैदरी मंझिल या मोडकळीस आलेल्या घरात शहीद सुऱ्हावर्दींसह राहत होते. स्वातंत्र्याचा दिवस त्यांनी उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत घालविला. दीनानाथ गोपाळ तेंडुलकर या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या चरित्रकाराने आपल्या आठ खंडांच्या ‘महात्मा’ या चरित्रात त्या दिवसाचा वृत्तांत दिला आहे. जमावाने राज्यपालांच्या वाड्याचा ताबा घेतल्याचे गांधीजींच्या कानी आले होते. आता सत्ता जनतेची आहे, एवढीच जर या घटनेची खूण असेल तर आपल्याला आनंदच होईल, असे ते म्हणाले. परंतु सरकारी व इतर मालमत्तेचे आपण वाटेल ते करू शकतो असा लोकांचा समज झाला असेल, तर ते अराजक ठरेल आणि आपल्याला अतिशय दुःख होईल, अशीही जोड त्यांनी दिली. जितक्या तत्परतेने लोकांनी तो वाडा व्यापला, तितक्याच तत्परतेने त्यांनी तो आपण होऊन सोडला असेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

या बोलण्यात आत जाण्याचा हक्क नाकारलेला नाही. उलट तो गृहीत धरलेला आहे. प्रश्न आहे तो आत गेल्यानंतरच्या वागण्याचा. परक्याच्या घरात शिरलेला माणूस चार वस्तू उचलून बाहेर पडतो; स्वतःच्या घरातल्या वस्तू कोणी उचलून नेत नाही. त्या दिवशी आठवण म्हणून चमचा खिशात घालणारा माणूस नकळत हेच सांगत होता, की ही वास्तू अजून आपली झालेली नाही. आज दार उघडे सापडले आहे, उद्या ते बंद होईल. आणि त्याचा अंदाज खरा ठरला. जमाव पांगला, पहारे पुन्हा बसले, फाटके लागली. शहराच्या दुसऱ्या उघडलेल्या दाराचीही तीच गत झाली. पंधरा ऑगस्टला एकमेकांना मिठ्या मारणाऱ्या मोहल्ल्यांत महिना संपता संपता पुन्हा दंगली उसळल्या. ३१ ऑगस्टच्या रात्री खुद्द हैदरी मंझिलवर जमाव चालून आला. १ सप्टेंबरला गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी शांततेची हमी दिल्यावर ४ सप्टेंबरला ते सोडले. एका दिवसाच्या सद्भावनेला रोजच्या आचरणाचा आधार देण्यासाठी त्या वृद्धाला प्राण पणाला लावावे लागले. राजवाड्याच्या बाबतीत मात्र असा आधार देणारे कोणी नव्हते.

स्वतंत्र देशाने साम्राज्याच्या वास्तूंचे काय करावे, हा प्रश्न त्या काळात केवळ कलकत्त्यापुरता नव्हता. पुण्याजवळ गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होते. सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, त्याचे बांधकाम सुरू झाले आणि त्यावरील खर्चही टीकेचा विषय झाला. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून याच वाड्यातून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या त्या वर्षी शहरात घराघरांची दारे सोजिरांनी उघडावयास लावली होती, आणि गणेशखिंडीच्या वाड्यात रोषणाई झाली होती. सामान्यांच्या माजघराचे दार सत्तेपुढे बंद राहू शकत नाही आणि सत्तेच्या वाड्याचे दार सामान्यांपुढे उघडत नाही, ही विषमता त्या रात्रीच्या मुळाशी आहे. तोच वाडा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत बनला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. कलकत्त्यातही अलीपूरचे बेल्व्हेडिअर हाऊस, जे एके काळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान होते, राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्यात आले. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ते वाचकांसाठी खुले झाले. ज्या नृत्यशाळेत साहेबांचे समारंभ झाले, तेथे विद्यार्थी ग्रंथ उघडून बसले.

बालीगंजच्या घराची वाट आणखी निराळी. १९१९ मध्ये सुरेंद्रनाथांकडून ही मिळकत बिर्ला कुटुंबाने घेतली. जुने घर पाडून त्या जागी आजची भव्य इमारत बांधण्यात आली आणि ती बिर्ला पार्क या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे ठाकुरांच्या वास्तव्याच्या भिंती आज उभ्या नाहीत. उरली आहे ती जागा आणि तिची स्मृती. १९५० च्या दशकाच्या मध्यास घनश्यामदास बिर्ला यांनी ही इमारत आवारासह राष्ट्राला दिली. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या मनात जर्मनीतील म्यूनिकच्या प्रसिद्ध तंत्रविज्ञान संग्रहालयासारखी संस्था कलकत्त्यात असावी, असे होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते काम अंगावर घेतले. १९५९ मध्ये केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि दार उघडले.

ते दार एका दिवसासाठी उघडले नव्हते. दुसऱ्या दिवशीही उघडावयाचे होते, तिसऱ्या दिवशीही. त्यासाठी तिकिटाची खिडकी लागते, दालने झाडणारे हात लागतात, मोडलेले यंत्र रात्रीतून दुरुस्त करणारा कारागीर लागतो, मुलांच्या शंकांना न कंटाळता उत्तरे देणारा मार्गदर्शक लागतो. मालकी हस्तांतरित करण्यास एक दस्तऐवज पुरतो. वास्तू लोकांची होते ती या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्थेतून. आणि जेथे लोक येऊ शकत नव्हते, तेथे संग्रहालय स्वतः गेले. १९६५ पासून फिरत्या प्रदर्शनाच्या रूपाने ते बंगालमधील शाळांपर्यंत पोहोचू लागले. पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली, आणि १९८५ मध्ये मुंबईत वरळीला उघडलेले नेहरू विज्ञान केंद्र हे याच परंपरेचे अपत्य होय. सत्येंद्रनाथांचे कुटुंब मुंबईहून मोकळेपणाचे धडे घेऊन बालीगंजला आले होते. बालीगंजच्या त्या जागेने ते ऋण अशा अनपेक्षित मार्गाने फेडले.

राजभवनाचे दारही अगदीच निश्चल राहिले असे नाही. राजाजी आणि महात्मा गांधी या दोघांचेही नातू असलेले गोपालकृष्ण गांधी २००४ ते २००९ या काळात पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. २००८ च्या उन्हाळ्यात राज्य वीजटंचाईने होरपळत असताना त्यांनी राजभवनातील दिवे रोज ठरावीक वेळ बंद ठेवण्याचा नियम स्वतःहून पाळला. बाहेरचा अंधार आत घेणे, ही दार उघडण्याचीच एक रीत होती. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या कलकत्ता भेटीत राजभवनाची प्रतीकात्मक किल्ली राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या स्वाधीन करण्यात आली. त्यानंतर १५ एप्रिल २०२३ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, वारसा-फेरीच्या निमित्ताने नागरिकांसाठी वाड्याचे दार उघडले. १९४७ नंतर पाऊणशे वर्षांनी लोक पुन्हा त्या दालनांतून फिरले. या वेळी रांगेने, मार्गदर्शकाच्या मागोमाग. २०२५ च्या अखेरीस ‘राजभवन’ हे नाव जाऊन ‘लोकभवन’ हे नाव आले.

अशा फेऱ्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीचा दाखला या दृष्टीने बोलका आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आखलेली ही वास्तू १८९३ मध्ये पुरी झाली. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. करदात्यांच्या पैशांतून ६८,११३ रुपये वाचल्याची ही नोंद आजही अभिमानाने सांगितली जाते. वेलस्लीच्या वाड्यामागचा हिशेब आणि हा हिशेब यांत राजा आणि नागरिक या दोन कल्पनांमधले सारे अंतर सामावले आहे. तरीही या इमारतीत शिरणारा मुंबईकर सव्वाशे वर्षे अर्ज हातात घेऊन खिडकीपुढे उभा राहिला. माथ्यावरचा घुमट त्याने मान वर करून क्वचितच पाहिला असेल. जानेवारी २०२१ पासून येथे वारसा-फेऱ्या सुरू झाल्या, आणि ज्या सभागृहात शहराचे निर्णय होतात ते सभागृह नागरिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आपले घर प्रथमच नीट पाहिल्यासारखा तो अनुभव असतो. पाहिलेल्या घराची चौकशी माणूस अधिक आस्थेने करतो. गळके छत, फुटलेली फरशी, बंद पडलेले घड्याळ यांबद्दल जाब विचारण्याचे धैर्य तेथूनच येते.

म्हणून दार एका दिवसासाठी का होईना, उघडावे. मात्र त्या एका दिवसाने समाधान मानू नये. दार उघडणारा जोवर यजमान आणि आत येणारा पाहुणा आहे, तोवर वास्तू यजमानाचीच असते. हे नाते वेलस्लीच्या मेजवान्यांत होते, आणि औदार्याने आखलेल्या फेरीतही ते सूक्ष्म रूपाने उरतेच. १५ ऑगस्ट १९४७ च्या जमावाने ते एका झटक्यात मोडू पाहिले. पण मोडल्यानंतर त्या जागी काय ठेवावयाचे, याचे उत्तर जमावापाशी नव्हते. ते उत्तर गणेशखिंडीच्या वर्गांत, बेल्व्हेडिअरच्या वाचनकक्षात आणि बालीगंजच्या संग्रहालयात सावकाश घडत गेले. सार्वजनिक पैशांतून बांधलेला वाडा लोकांना एका दिवसासाठी मिळाला, आणि एका कुटुंबाने स्वतःसाठी बांधलेले घर लोकांना रोजच्यासाठी मिळाले, हा कलकत्त्याच्या इतिहासातील एक विपर्यास आहे. वास्तू कोणाच्या पैशांतून उभी राहिली यापेक्षा तिच्यात रोज कोणते काम चालते, यावर तिचे सार्वजनिकत्व अवलंबून असते, हे या विपर्यासातून कळते.

१८६६ मध्ये ज्ञानदानंदिनी देवी लाटसाहेबाच्या वाड्यात गेल्या त्या निमंत्रणावरून, आणि तरीही त्यांच्या आत येण्याने एक वयोवृद्ध आप्त समारंभ सोडून निघून गेला. त्यांनीच पुढे विकत घेतलेल्या बालीगंजच्या त्या जागेत आज सोळा वर्षांच्या मुली शाळेच्या सहलीबरोबर येतात, यंत्रांची चाके हाताने फिरवून पाहतात, खाणीतल्या अंधारात एकमेकींचा हात धरून उतरतात आणि वर येऊन डबे उघडतात. त्यांना कोणाचे निमंत्रण लागत नाही, आणि त्या आत आल्या म्हणून तेथून कोणी उठून जात नाही.